शिमग्याला येणारे गेम

आमच्या महिपत भावजींइतका काटकसरी माणूस कुठल्या जहाजावर नसेल, आणि त्यांच्याइतका फसलेलाही नसेल. थोरली भावजय म्हणून हे बोलायचा मला हक्क आहे. भाट्ये खाडीच्या कडेला आमची दोन घरं एका पडवीनं जोडलेली. एकात आम्ही, दुसऱ्यात भावजी, त्यांची बायको सुनेत्रा आणि मुलगा ऋत्विक. भावजी मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत ऑइलर होते. पाऊस तोंडावर आला की जायचे आणि शिमग्याला पालखी वाडीत यायच्या आत घर गाठायचे.

ऋत्विक चौथीत असताना त्याला व्हिडिओ गेमचं वेड लागलं. भावजींनी मशीन मुंबईच्या दुकानातून घेतलं, का तर मशीन गॅरंटीचं हवं, उद्या बिघडलं तर परदेशात कोण धावणार. गेमच्या डिस्क मात्र इथं फार महाग, म्हणून त्यांनी अक्कल लढवली. अमेरिकेच्या बंदरांत नाताळ सरला की दुकानदार उरलासुरला माल आणि लोकांनी विकलेल्या जुन्या डिस्क टोपल्यांत भरून दारात मांडतात, अगदी चण्याफुटाण्याच्या भावात. जहाज धक्क्याला लागलं की बाकीचे खलाशी अत्तरं, चॉकलेटं नाहीतर बाटल्या घ्यायला पळत. हा माणूस टोपलीपुढे उकिडवा बसून वरची चित्रं बघत डिस्क निवडत राही. लांज्याचा धाकू म्हणून त्यांचा सोबती होता. तो म्हणे, महिपत बाजारात बांगडे निवडतो तसा गेम निवडतो.

पहिल्या शिमग्याला ते पिशवीभर डिस्क घेऊन आले तेव्हा वाडीभर कौतुक झालं. माणूस पाण्यावर असला तरी अक्कल जमिनीवर आहे, असं आमचे हेसुद्धा म्हणाले, आणि भावाचं कौतुक ह्यांच्या तोंडून एरवी निघत नाही.

दुसऱ्या दिवशी भावजी पालखीबरोबर गेले होते. मी पडवीत तांदूळ पाखडत बसले होते. आतून आवाज येईना म्हणून डोकावले, तर ऋत्विक टीव्हीपुढे गप्प बसलेला. डिस्क घातली की पडदा लाल व्हायचा आणि इंग्रजीत एक ओळ यायची. दुसरी घातली तरी तेच, तिसरी घातली तरी तेच. त्याचा मित्र शुभंकर, त्याच्या मोठ्या भावानं मग खुलासा केला. हे मशीन इकडच्या देशांसाठी बनवलेलं आणि डिस्क अमेरिकेसाठी. एकीकडची डिस्क दुसरीकडच्या मशीनवर चालायचीच नाही, मुळात बनवतातच तशी.

मी म्हटलं, एवढंच ना, बाबांना सांगू, पुढच्या वेळी बघून आणतील. तसा ऋत्विकनं माझा हात धरला.

"काकी, बाबांना सांगू नुको. एवढ्या दिवसांनी ते बंदरात जमिनीवर उतरले, ते पण माझ्यासाठी टोपलीपुढंच बसले."

नऊ वर्षांचं पोर ते. मी शब्द दिला. सुनेत्राला सांगायचा प्रश्नच नव्हता, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

संध्याकाळी भावजी हौसेनं खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसले आणि म्हणाले, लाव बघू एखादा. मला वाटलं, आता बिंग फुटलं. पण पोरगा भलताच तयार निघाला. म्हणाला, बाबा, तुम्ही असताना खेळत कोण बसतो, गेम काय पळून जातात, चला खाडीवर मासे गरवायला. भावजी इतके फुलून गेले की चहा तसाच टाकून उठले. त्या दिवसापासून पाऊस लागेपर्यंत बापलेक रोज खाडीच्या काठी गरी टाकून बसलेले. कधी एखादी तांबोशी मिळायची, बहुतेक वेळा शेंगटी, आणि पुष्कळदा काहीच नाही. पण दोघांच्या गप्पा पार पडवीत ऐकू यायच्या. वाडीतली बाकीची पोरं टीव्हीला चिकटलेली, आणि सुनेत्रा सगळीकडे सांगत सुटली की आमच्या ऋत्विककडे एवढे गेम आहेत तरी तो बापाची पाठ सोडत नाही.

पुढे दर वर्षी हेच. नाताळात घेतलेले गेम शिमग्याला घरी. भावजींनी फणसाच्या फळ्यांचा मांड केला, त्यावर सगळ्या डिस्क ओळीनं लावल्या आणि 'कलेक्शन' हा शब्द ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवू लागले. पालखी दारात आली की माणसं देवाला आधी हात जोडणार आणि मग भावजी त्यांना मांडापुढे उभं करणार. कुणी लाव म्हटलं तर ऋत्विक सांगायचा की मशीन गरम झालंय. खोक्याच्या मागचा मजकूर वाचून वाचून त्यानं प्रत्येक गेमची गोष्ट रचून ठेवली होती. जहाजावरून भावजींचा फोन आला की विचारायचे, त्या किल्ल्यातला राक्षस मेला काय रे? तो म्हणायचा, नाही बाबा, अजून शेवटचा दरवाजा उघडायचाय. मी इकडे भाकरी थापत ऐकायची आणि हसावं की रडावं तेच कळायचं नाही.

पोर कॉलेजात गेलं, तसलं मशीन जगातून बाद झालं, तरी भावजी आणतच राहिले. आता तर रद्दीच्या भावात मिळतात, असं आनंदानं सांगायचे. मला कधी कधी असा राग यायचा की सांगून मोकळं व्हावं. मग दोघं पिशवी घेऊन खाडीकडे चाललेले दिसायचे आणि मी गप्प बसायचे.

करोनाच्या गोंधळात भावजींच्या पाळ्या उलटसुलट झाल्या. त्या वर्षी ते शिमग्याऐवजी गणपतीला यायचे होते. जुलैत चिपळुणात पूर आला. पाणी ओसरल्यावर ऋत्विक मित्रांबरोबर तिकडे गेला, लोकांच्या घरांतला चिखल काढायला. पायाला कुठंतरी कापलं होतं, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. परत आला तो ताप घेऊन. लेप्टो निघाला, पुराच्या घाण पाण्यातून जखमेत शिरणारा. आठवडाही गेला नाही आणि आमचा ऋत्विक गेला. एकवीस वर्षांचा मुलगा. भावजी तेव्हा भर समुद्रात होते. मुलाचं तोंड त्यांनी फोनच्या काचेतून पाहिलं, तेही मधेच रेंज गेली. देवाबद्दल त्या दिवसापासून माझ्या मनात अढी आहे, आणि ती मी लपवत नाही.

भावजी आले ते पुन्हा जहाजावर गेले नाहीत. गणपती झाला नाही, दिवाळी झाली नाही. शिमगा आला, पण घर दुःखात, म्हणून पालखी आमच्या दारात येणार नव्हती. सुनेत्रा चार दिवस माहेरी मालगुंडला गेली, तिला ढोल ऐकवत नव्हते. त्या दुपारी मी भावजींना आंबोळ्या घेऊन गेले, तर त्यांनी मशीन टीव्हीला जोडलं होतं. म्हणाले, त्यानं काय काय खेळलं ते एकदा बघावं असं वाटतंय. पडदा लाल झाला. त्यांनी डिस्क लुंगीला पुसली आणि परत घातली. मग दुसरी. इंजिनाचा माणूस, त्यांना वाटलं खाऱ्या हवेनं मशीन गंजलं. मी तोंड उघडायच्या आत ते मशीन आणि चार डिस्क पिशवीत घालून बाजारात शुभंकरकडे गेलेसुद्धा. शुभंकरचं आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. भावजींपासून हे आजवर लपवलंय, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत? त्यानं सरळ सांगितलं की काका, मशीन ठणठणीत आहे, ह्या डिस्क यावर कधीच चालल्या नसणार.

भावजी परत आले तेव्हा मी पडवीतच होते. पिशवी खाली ठेवून ते पायरीवर बसले.

"वैनी, तुमाला म्हायत होता?"

मी हो म्हटलं. पहिल्या शिमग्यापासून माहीत होतं, त्यानं शब्द घेतला होता, हेही सांगितलं. मला वाटलं आता चिडतील. पण पुढचा प्रश्न मी कधी मनातही आणला नव्हता.

"मग तो माज्याबरोबर खाडीवर यायचा, तो हौसेनं यायचा, का ह्या लपवायला?"

मुलाच्या मागे बापाला हा प्रश्न पडावा, यासारखं वाईट मी दुसरं पाहिलेलं नाही. उगाच धीर देणारं खोटं बोलायचं नव्हतं. मी उठले आणि पडवीच्या आढ्यात खोचलेलं वर्तमानपत्राचं पुडकं काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. चिपळूणला जायच्या आदल्या दिवशी ऋत्विकनं ते दर वर्षीसारखं तिथं ठेवलं होतं, बाबा गणपतीला येणार म्हणून. मला त्याला हात लावायचा आजवर धीर झाला नव्हता. आत नव्या दोरीच्या दोन गऱ्या होत्या, शिसं बांधून, गळ तेलात पुसून तयार ठेवलेल्या.

"पहिल्या वर्षी लपवायला आला असंल," मी म्हटलं. "पण लपवायला म्हणून कोण दर वर्षी तुमच्या आधी गऱ्या बांधून ठेवतो, भावजी?"

त्यांनी त्या गऱ्या छातीशी धरल्या आणि मोठ्यानं रडले. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा रडले. पालखीचे ढोल वरच्या वाडीत निघून गेले होते. मग भावजी म्हणाले की डिस्क चालल्या असत्या तर तो इतर पोरांसारखा टीव्हीपुढे बसला असता, मी आपला आलो असतो आणि गेलो असतो, मला माझा मुलगा कधी कळलाच नसता.

शुभंकर दोन दिवसांनी मुद्दाम घरी आला. झाल्या गोष्टीनं तो कष्टी झाला होता. म्हणाला, काका, मशीनमध्ये एक चिप बसवतो, सगळ्या डिस्क चालतील. भावजींनी त्याला चहा दिला, पाठीवरून हात फिरवला आणि नको म्हणून सांगितलं. मांड मात्र पुसून पहिल्यासारखा लावून ठेवला.

नाताळ झाल्यावर एका सकाळी धाकूचा फोन आला, अमेरिकेच्या बंदरातून. भावजींना हल्ली ऐकायला कमी येतं, म्हणून आवाज मोठा केलेला, मी तांदूळ निवडत सगळं ऐकत होते. धाकू चाचरत म्हणाला की विचारू नये खरं, पण सवयीनं पाय त्याच दुकानाकडे आले, टोपली अजून लागते, पोराच्या नावानं एखादा घेऊ काय? भावजी फोन घेऊन मांडापाशी गेले.

"घे," ते म्हणाले. "पण धाकू, हिकडच्या मशीनवर चालणारा नको."

धाकूला वाटलं आपल्या ऐकण्यातच चूक झाली, म्हणून त्यानं परत विचारलं. भावजींनी तेच परत सांगितलं.