खिडकीतला ब्युटीन

वेसल टर्पस्ट्रा कामावर सायकलने यायचा. कॅनडातल्या आमच्या सार्निया गावात, रबराच्या कारखान्यात पगार घेणारा माणूस सायकलवर दिसला, की लोक समजतात, याचं एक तर लायसन गेलं, नाहीतर बायको. वेसलचं लायसन शाबूत होतं आणि बायको कधी नव्हतीच. आईचं दुखणं काढता काढता लग्नाचं वय निघून गेलं. आई गेल्यावर नदीकाठच्या घरात तो, त्याची पियानोपेटी आणि डच चर्चचं कॅलेंडर, एवढेच उरले. पेटी वाजवणारी आईच होती.

कारखान्याच्या लॅबमध्ये मी त्याच्या शेजारच्या टेबलावर काम करायची. माणूस चांगला. खिशात खारट काळ्या गोळ्या ठेवायचा आणि त्या आपल्याला आवडतील अशी आशा न सोडता रोज पुढे करायचा. मी एकदाच घेतली. रस्त्याचं डांबर चाखायची हौस त्या दिवशी फिटली.

जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये युकर रंगायचा. या पत्त्यांच्या खेळाला चार माणसं लागतात आणि वेसल कायम पाचवा. कोणी आजारी पडलं तर त्याला घ्यायचे. एरवी तो खुर्ची ओढून मागे बसायचा, दुसऱ्यांची पानं बघायचा आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. "वेसल, तुला कंटाळा नाही का येत रे?" असं मी विचारलं की म्हणायचा, "बघायलाही कोणीतरी लागतं ना."

आमच्या लॅबचं काम म्हणजे सारख्या दिसणाऱ्यांना ओळखून वेगळं करणं. ब्युटीन नावाचा वायू घ्या. चार कार्बन, आठ हायड्रोजन. हेच बारा अणू निराळ्या रीतीने जोडले की निराळाच पदार्थ होतो. पुस्तकात त्यांना समघटक म्हणतात. त्यातला आयसोब्युटिलीन आम्हाला हवा, कारण त्याच्यापासून हवा धरून ठेवणारं ट्यूबचं रबर बनतं. त्याचा भाऊ, सरळ साखळीचा ब्युटीन, आमच्या रबराला उपयोगाचा नाही. पण दोघांचं वजन एक, उकळायचं तापमान जवळजवळ एक, आणि आमच्या जुन्या यंत्राच्या कागदावर दोघं मिळून एकच उंचवटा काढायचे. मग वेसल तो वायू पातळ केलेल्या गंधकाम्लातून सोडायचा. आयसोब्युटिलीन आम्लात मुरून राहायचा आणि दुसरा जसा आला तसा वर निघून यायचा.

"हा बघ," वेसल नळीकडे बोट दाखवून म्हणायचा. "एवढ्यातून गेला, पण कोणात मिसळला नाही."

"आरशात बघून बोलतोयस का?" मी म्हणायची, आणि तो हसायचा. आता वाटतं, त्याला ते लागतही असेल.

त्याच्या टेबलामागच्या खिडकीत, जिथून नदीतली मालवाहू जहाजं दिसतात, ब्युटीनच्या रेणूचा एक नमुना असायचा. काळे चार गोळे कार्बनचे, पांढरे आठ हायड्रोजनचे, जोडायला छोट्या स्प्रिंगा. रात्रपाळीच्या लॉर्न पेटिग्रूबरोबर वेसलचा त्याच्यावर एक खेळ चालायचा. दिवसाच्या माणसाने गोळे सोडवून नवा समघटक करून ठेवायचा, रात्रीच्याने तो मोडून आणखी वेगळा करायचा. एकही गोळा वाढवायचा नाही, एकही उरवायचा नाही. आणि त्याबद्दल एकमेकांशी बोलायचं नाही. जो बोलला तो हरला. सरळ साखळीचे तीन, फाटे फुटलेला एक, एक चौकोनी कडं, एक शेपटीवाला त्रिकोण, असे मोजून सहा प्रकार होतात. तेच ते फिरवत दोघांनी कित्येक वर्षं काढली, आणि शिफ्ट बदलताना बोलायचे ते फक्त हॉकीबद्दल.

लॉर्न निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेला. जाताना डाव त्याच्याकडे होता. नमुना वेसलने ठेवला होता तसाच राहिला, त्याच्यावर धूळ चढली. मी म्हटलं, "अरे, तूच फिरव की." तर म्हणाला, "डाव लॉर्नचा आहे." आमच्या शिफ्टवाल्यांची खोड ही अशी. दुसऱ्याच्या वेळेतल्या कामाला मरेपर्यंत हात लावायचा नाही.

वसंतात नदीतला बर्फ फुटायला लागला, त्या सुमारास एका सकाळी वेसल कोट न काढताच खिडकीपाशी उभा दिसला. नमुन्यावरची धूळ गेली होती आणि सरळ साखळीच्या जागी फाटे फुटलेला आयसोब्युटिलीन होता.

त्याच आठवड्यात रात्रपाळीला डोरीन माकी आली होती. थंडर बे शहराकडची, चाळिशी ओलांडलेली, नवऱ्यापासून वेगळी झालेली, मोठ्याने हसणारी बाई. वेसलने दुपारी चौकोन करून ठेवला. दुसऱ्या सकाळी त्रिकोण आणि शेपटी हजर! संध्याकाळच्या शिफ्टला रस नावाचा माणूस असायचा, तो रेडिओवरच्या हॉकीतून डोकं वर काढायचा नाही, त्यामुळे त्याचा संशय यायचं कारणच नव्हतं.

"डोरीनच आहे," वेसल मला हळूच म्हणाला. "एकदाही चुकीचं जोडलेलं नाही. प्रत्येक कार्बनला चार हात, बरोबर चार. ही रसायन जाणणाऱ्याचीच बोटं."

मलाही ते पटलं. आम्ही जन्मभर अणूंचे हात मोजलेले लोक. ते दुसऱ्या कोणाला जमेल, असं आमच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

"मग विचार ना तिला!"

"बोललो की हरलो," तो म्हणाला आणि गालातल्या गालात हसला.

त्या उन्हाळ्यात वेसल बदलला. नवे शर्ट आले. पियानोपेटी दुरुस्त करायला माणूस येऊन गेला. सकाळी शिफ्ट बदलताना तो डोरीनला आपली काळी गोळी द्यायचा, आणि ती शहाणी बाई घेऊन खिशात टाकायची. हे सगळं मी बघत होते आणि मला त्याची काळजी वाटत होती, कारण निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. दूर पश्चिमेला, अल्बर्टात लेथब्रिजला त्याची बहीण रेन्स्का राहायची. ती दर रविवारी फोन करून म्हणायची, घर विक आणि माझ्याकडे ये. वेसलला जायचं नव्हतं. "इथे माझं म्हणायला एक माणूस असलं तरी मी राहीन," तो मला म्हणाला. "एक पुरे."

मग सप्टेंबरात एका सकाळी खिडकीत निराळंच काही दिसलं. नमुन्याचे दोन भाग केले होते. दोन सारखे, छोटे, प्रत्येकात दोन काळे गोळे आणि चार पांढरे, अगदी शेजारी शेजारी ठेवलेले. म्हणजे दोन एथिलीन. बारा गोळ्यांचा हिशोब चोख, पण सहा प्रकारांत हा बसत नव्हता. लॉर्न असता तर लबाडी म्हणून ओरडला असता. वेसल मात्र ते दोन तुकडे सकाळभर बघत बसला. युकरला एक माणूस कमी होता, त्याला हाका मारल्या, तरी उठला नाही.

आमच्याकडे रीत अशी, की निवृत्त होणाऱ्याला गावातल्या डच हॉलमध्ये मासळीचं जेवण देतात, आणि मानाच्या टेबलावर त्याच्या शेजारी जोडीदाराची खुर्ची मांडतात. विधुर असेल तर मुलगी बसते, मुलगी नसेल तर बहीण. रेन्स्काचे गुडघे गेलेले, ती येणार नव्हती. ते तुकडे दिसले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डोरीन कोट चढवत असताना वेसल तिच्यापुढे उभा राहिला. मी समोरच होते.

"डोरीन, जेवणाला तू माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसशील का?"

"मी?" डोरीन हसली, मग त्याचा चेहरा बघून थांबली. "अरे वेसल, ती खुर्ची म्हणजे... लोक काय समजतील?"

"समजू देत. मी हरलो म्हण. बोललो ना शेवटी." त्याने खिडकीकडे बोट केलं. "हे दोन तू केलेस, तेव्हाच मी ठरवलं."

डोरीनने खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत त्याच्याकडे. "ते होय? देवाशपथ, मी त्याला कधी हातही लावला नाही रे. मला वाटायचं, तूच खेळत बसतोस."

"हो, हो," वेसल म्हणाला. "असंच विचारलं आपलं." आणि वळून त्याने नळीला आम्ल भरायला घेतलं. डोरीन बिचारी दारात किती वेळ उभी राहिली. तिचा काय दोष? मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण आमच्या लॅबमध्ये कोणी कोणाच्या पाठीवर हात ठेवत नाही.

जेवण झालं. सुपरिटेंडंटने भाषण केलं, घड्याळ दिलं. वेसलच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. थोड्या वेळाने कोणीतरी तिच्यावर कोट टाकला, मग दुसऱ्याने टाकला, आणि केक येईपर्यंत तिथे कोटांचा ढीग झाला. डोरीन आली होती, पार दाराजवळच्या टेबलावर बसली होती. वेसलने सगळ्यांशी हात मिळवले. घर पहिल्याच आठवड्यात विकलं गेलं. खिडकीतले ते दोन तुकडे सोडवून, डब्यात भरून, तो लेथब्रिजला घेऊन गेला.

नाताळानंतर मला संध्याकाळची शिफ्ट मिळाली. पहिल्याच दिवशी बादली घेऊन, डोक्याला काळा रुमाल बांधलेली एक बाई आत आली. दिवसवाल्यांना साफसफाईवालीचं तोंड दिसत नाही, फक्त कचऱ्याची टोपली रिकामी झालेली दिसते. हिचं नाव इदालिना फुर्तादू. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरची, विधवा. दोन्ही मुलगे टोरांटोत, फोन करतात म्हणे, सणाला. साफसफाईचं कंत्राट वसंतात बदललं तेव्हा ही आली होती. तिने फरशी पुसली, टेबलं पुसली आणि खिडकीपाशी थांबली.

"पोरी," ती म्हणाली, "इथलं ते खेळणं कुठे गेलं?"

माझ्या हातातली बाटली मी खाली ठेवली.

"पहिल्या दिवशी धुवायला म्हणून सोडवलं," ती सांगायला लागली, "मग परत कसं लावायचं आठवेना. पण भोकं होती ना! एक भोक रिकामं ठेवायचं नाही, एक गोळा उरवायचा नाही, एवढं बघून लावलं. दुसऱ्या दिवशी येते तर कोणीतरी वेगळंच करून ठेवलेलं! मग मीही वेगळं केलं. रोजच सुरू झालं. घरी भांडी घासताना विचार करायची, आज काय करू. कोण होतं गं ते?"

"वेसल नावाचा माणूस," मी म्हटलं. "आणि ते शेवटचं... दोन तुकडे का केलेस?"

इदालिनाने फडकं पिळलं. "एकटंच असायचं ना खिडकीत. म्हटलं, ह्यातूनच दोन होतात का बघू. झाले."

मी त्या रविवारी लेथब्रिजला फोन लावला. रेन्स्काने उचलला, मग वेसल आला. मी सगळं सांगितलं.

"सहाच प्रकार होतात हे तिला माहीत होतं का?" त्याने विचारलं.

"नाही. तिला वाटायचं, हे कधी संपायचंच नाही."

मागे रेन्स्काचा टीव्ही ऐकू येत होता.

"जेवणाच्या संध्याकाळी ती कुठे होती?"

"इथेच. लॅब पुसत होती. कंत्राटी माणसांना बोलावत नाहीत ना."

"हं," वेसल म्हणाला. "माझ्या शेजारची खुर्ची मोकळीच होती गं." आणि मग त्याने हवापाण्याचं काहीतरी विचारलं, मी काहीतरी सांगितलं. परत ये, असं म्हणायला माझी जीभ वळली नाही. कुठल्या घरात ये म्हणून सांगायचं होतं?

महिन्याभराने लॅबच्या पत्त्यावर खोकं आलं. आत वर्तमानपत्राचे बोळे आणि त्यात तो नमुना, जोडलेला. तिच्या दोन तुकड्यांचे गोळे त्याने एकमेकांत गुंफून चौकोनी कडं केलं होतं. टपालातून इतका लांबचा प्रवास करूनही एक स्प्रिंग निसटली नव्हती. चिठ्ठी वगैरे काही नव्हती. न बोलायचा नियम त्याने परत सुरू केला होता.

मी तो खिडकीत ठेवला. इदालिना आली, तिने पाहिलं, बादली ठेवली, हातमोजे काढले. वेसलच्या स्टुलावर ती बसली. एक पांढरा गोळा तिने बोटांत धरला, पण ओढला नाही.

"फिरव ना," मी म्हटलं. "मी नीट बांधून त्याला पाठवते."

"आणि मग?"

"मग तो फिरवून परत पाठवेल."

"म्हातारा माणूस आहे. पोस्टात जायला तिथे बर्फ. एखाद्या वेळी नाही आलं परत, तर?" तिने गोळा सोडला. "आता डाव माझा आहे ना?"

"हो. तुझाच."

"मग राहू दे. माझा डाव बाकी आहे तोवर खेळ संपला असं कोणाला म्हणता येणार नाही."

तिने हातमोजे चढवले आणि खिडकीची फळी पुसून काढली, नमुन्याच्या भोवतीने. अजूनही ती रोज तशीच पुसते.