रुमाल अलिबागला गेला

पेणच्या एसटी स्टँडवर रोह्याची गाडी धरायला रोज एक म्हातारा यायचा. गळ्यात क्रूस, काखेत छत्री. गाडी यायच्या आधी तो डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचा. आम्ही बाकीचे खिडकीतून सीटवर रुमाल टाकून जागा धरायचो आणि त्याची मजा बघायचो, कारण एवढी प्रार्थना करूनही स्वारी बहुतेकदा उभ्यानंच रोह्याला जायची.

एकदा पाटी नसलेली गाडी लागली. रोह्याचीच असणार, असं माझ्या मनानं ठरवून टाकलं आणि मी रुमाल फेकला. दारापर्यंत पोचतो तोच कंडक्टर "अलिबाग, अलिबाग" ओरडला, घंटी वाजली आणि माझा रुमाल अलिबागला गेला.

"माझी श्रद्धा फुकट गेली," मी म्हातार्‍याला म्हणालो.

"कंडक्टरला इचारलंस?"

"नाही."

"मग ती श्रद्धा नाय, हौस. कोणाच्या भरवशावर बसतो, ते आधी ठाऊक पायजे."

मला झोंबलं. "तुमच्या देवानं तरी कधी सीट दिली का?"

"सीट मी मागतच नाय. उभा र्‍हायलो तरी बसलेल्यांना शिव्या देऊ नये, येवढंच मागतो."

रोह्याची गाडी आली. दोघंही उभेच. वाटेत गडब गावाजवळ ब्रेक लागला आणि माझी टाच जोरात त्याच्या अंगठ्यावर पडली. त्यानं डोळे मिटले. ओठ हलू लागले, ते थांबेचनात.

"काय मागताय?" मी घाबरत विचारलं.

"तेच," तो दात आवळून म्हणाला. "आज जरा जास्त लागतंय."