आईच्या आधीची गोळी

धारूरच्या मेडिकलवर मी विसराळूपणासाठी जस्ताच्या गोळ्या मागत होतो. नव्या रंगीत टीव्हीवरची जाहिरात बघून बायकोनंच पिटाळलं होतं. शेजारी उभ्या असलेल्या पटकेवाल्यानंही त्याच मागितल्या.

"आईला लकवा मारलाय. डॉक्टर म्हणला, मेंदूच्या नसांना जस्त लागतंय. पण पाकीट लई लवकर सरतंय."

"कावून?"

"मी आधी खाल्ल्याबिगर ती तोंडच उघडत न्हाई. मग मी बी एक गिळतो." त्यानं हसत मिशी पुसली. "माझं नाव इसरली, पण लेकरू उपाशी हाय का, तेवढं रोज इचारती."

घरी बायकोला सगळं सांगितलं.

"नाव काय त्याचं?"

"विचारायचं विसरलो."

तिनं गोळी माझ्यापुढे धरली, पण आधी म्हणाली, "सकाळपासून काही खाल्लंय का?"