प्रचार थांबवणाऱ्या सुजाताताई

सुजाताताई ओव्हाळ प्रचाराचं पत्रक हातात आलं की आधी उलटं करायच्या. उमेदवाराचा फोटो आणि घोषणा नंतर. तळाशी बारीक अक्षरात छापणाऱ्याचं नाव आहे का, ते आधी. "बोलतंय कोण ते कळू दे, मग काय बोलतंय ते ऐकू," म्हणायच्या. पिंपरीच्या कारखान्यातल्या कामगाराची ही मुलगी, पेशाने वकील. पण दरडावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांना खरंच कुतूहल असायचं.

सांगवीत महापालिकेची निवडणूक लागली तेव्हा त्यांची जिवलग मैत्रीण मंगल जाधव अपक्ष उभी राहिली. मूळची लातूरकडची. मुद्दा एकच, नळाला न येणारं पाणी. कायद्याचं सगळं सुजाताताईंकडे, माइक मंगलवहिनींच्या शेजारी राहणाऱ्या माझ्याकडे.

मंगलवहिनींच्या वरच्या मजल्यावर यान नावाचा जर्मन इंजिनिअर भाड्याने राहायचा. चाकणच्या एका कंपनीत होता. एका संध्याकाळी तो आमच्या प्रचारफेरीत शिरला, गळ्यात उपरणं अडकवलं आणि माझ्याकडून माइक ओढून घेत म्हणाला, "मंगलवहिनी चांगली बाई हाय. तिला मत द्या!" गल्ली टाळ्यांनी दणाणली. आमच्यातल्या एकाने मोबाइलवर काढलेला त्याचा व्हिडिओ सकाळपर्यंत घराघरात पोचला. आम्हाला कालपर्यंत कुणी विचारत नव्हतं, आता लोक थांबवून "तो गोरा कुठाय?" म्हणू लागले.

सुजाताताईंनी यानला समोर बसवलं. "तुझा व्हिसा नोकरीचा आहे. प्रचार केलास तर परत पाठवतील. पण मला सांग, तुझ्या गावात येऊन मी मतं मागितली तर?"

यान विचारात पडला. "लोक म्हणतील, ही बाई कोण?"

"तोच प्रश्न इथलेही विचारतील."

"पण ताई, मी इथं राहतो. पाणी माझ्यापण नळाला येत नाही."

सुजाताताईंनी ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझं म्हणणं खरंय. त्याला कायद्यात काही वाट आहे का, बघते."

तरीही त्यांनी आम्हाला व्हिडिओ काढून टाकायला लावला आणि निवडणूक अधिकाऱ्यांना स्वतः जाऊन सगळं सांगितलं. मंगलवहिनी भडकल्या. "सुजे, काय करलालीस तू? माझी हाय का त्यांची?"

"तुझीच. म्हणून तर."

दुसऱ्याच दिवशी समोरच्या पॅनेलने यानला देशाबाहेर काढा म्हणून तक्रार केली. आम्ही आधीच कळवलेलं असल्यामुळे यान समज मिळून सुटला. मंगलवहिनी मात्र पडल्या, तेही थोडक्यात. पुढे कित्येक दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

उन्हाळ्यात सुजाताताई आपणहून मंगलवहिनींच्या दारात आल्या. "मी शोधत होते," त्या म्हणाल्या. "यानला मत मागता येत नाही, पण पाण्याची तक्रार करायला कोण अडवणार? भाडेकरू आहे तो. चल, तूही चल."

क्षेत्रीय कार्यालयात यानची तक्रार ऐकायला नवे नगरसेवक बसले होते. यानला देशाबाहेर काढा म्हणणारी माणसं त्यांचीच. यान उभा राहिला आणि त्याच मोडक्या मराठीत म्हणाला, "साहेब, तुम्हाला मत मी दिलं नाय. देऊ शकत नाय. पण पाणी पायजे."

नगरसेवकांना हसू आवरेना. मागच्या बाकावर मंगलवहिनींनी सुजाताताईंचा हात घट्ट धरला होता.