यशूला पार्क दाखवायला नेलं

गेल्या उन्हाळ्यात मी जन्मात पहिल्यांदा एका सहलीचं सगळं नियोजन एकटीनं केलं. जागा मी ठरवली, लॉजवाल्याशी फोनवर घासाघीस मी केली, पोरांच्या टोप्यांपासून ओआरएसच्या पुड्यांपर्यंत सगळं मी भरलं. आणि त्या सहलीत माझ्या हातून जे गेलं ते परत येणार नाही. एरवी या ब्लॉगवर मी रस्ता कसा आहे, जेवण कुठं चांगलं, गाडी कुठं लावायची असलं लिहिते. तेही खाली आहे. ज्यांना तेवढंच हवंय त्यांनी बाकीचं सोडून द्या. मला तरी ते लिहून मोकळं व्हायचंय.

आधी घरातली माणसं सांगते. आम्ही बारामती तालुक्यातल्या सांगवीचे. मी गावात अंगणवाडी सेविका, हे पेरूची बाग आणि भाजीपाला बघतात. आम्हाला मूल नाही. यशू, म्हणजे यशोधरा, माझ्या धाकट्या दिराची मुलगी. ती दहा महिन्यांची असताना माझ्या जावेला, पल्लवीला, पुन्हा दिवस गेले, डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलं, आणि यशू माझ्या कुशीत झोपायला लागली. पुढं दिराला, मिलिंदला, पिंपरीकडं कंपनीत नोकरी लागली. ते दोघं धाकट्या राहुलला घेऊन गेले. 'वहिनी, हिला सहा महिने राहू द्या तुमच्याकडं,' म्हणाले होते. त्या सहा महिन्यांची पाच वर्षं झाली. मी तिची मोठी आई, आणि पल्लवी पल्लूमम्मी, जी सणाला येते आणि फ्रॉक आणते.

मार्चमध्ये मिलिंदचा फोन आला. यशूला पहिलीला तिकडच्या शाळेत घालायचं म्हणत होता. मी म्हणाले, "पोरीला इचारा की आधी. तिला काय मन न्हाय व्हय?" मिलिंद माणूस सरळ आहे. तो म्हणाला, "बरं वहिनी. सुट्टीत तिलाच इचारू. ती म्हणंल तसं करू. पर तुमीच इचारा, आमी दोघं मधी एक शब्द बोलनार न्हाय."

फोन ठेवला आणि त्याच दिवशी मी सहल ठरवली. खरं तेच लिहिते. ती सहल पोरीच्या मजेसाठी नव्हतीच, मला तिच्या तोंडून माझ्या बाजूचं उत्तर हवं होतं. असं काही दाखवायचं, असं हसवायचं, की पोरगी म्हणेल, मी मोठी आईपाशीच राहणार.

माझ्या मनात मुंबईच्या वाटेवरचं मोठं पार्क होतं. पण मिलिंदला दोनच दिवस रजा मिळाली, म्हणून इंदापूरच्या पुढं हायवेला झालेलं छोटं पार्क धरलं. घसरगुंड्या, लाटांचा तलाव, पाळणे, एक छोटी आगगाडी. फोन करून सगळे नियम विचारून घेतले. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही. पाण्यात नायलॉनचाच ड्रेस, तो तिथं भाड्यानं मिळतो. आणि चार फुटांखालच्या पोराबरोबर एक मोठं माणूस पाण्यात उतरलंच पाहिजे. पोरांची उंची मोजणं हे तर माझं रोजचं काम. यशूला अनवाणी भिंतीला उभं केलं, टाचा टेकवल्या, तीन फूट नऊ इंच भरली. म्हटलं, हे आहेतच की. हे उतरतील तिच्याबरोबर, मी काठावरून फोटो काढीन.

आणि निघायच्या दोन दिवस आधी कॅनॉलच्या पाण्याची आमची पाळी लागली. मे महिन्यात पाळी चुकवली तर बागेचं काय होतं ते आमच्याकडच्या माणसांना सांगायला नको. हे म्हणाले, "जा तुमी. मी हितं बगतो." तेव्हाच सहल मोडायला हवी होती. पण मिलिंदची रजा पुन्हा जूनच्या आत मिळणार नव्हती. आणि मला उत्तराची इतकी खात्री होती की विचारू नका.

शनिवारी सकाळी सातला मिलिंदच्या गाडीतून निघालो. सांगवी ते बारामती रस्ता झकास. बारामतीत बसस्टँडजवळ मिसळ खाल्ली. पोरं बरोबर असतील तर रस्सा वेगळा मागा, नाहीतर राहुलसारखं नाकातोंडातून पाणी वाहतं. पुढं भिगवणचा रस्ता, दोन्ही बाजूंनी ऊस, मधेच डाळिंबं. यशू माझ्या मांडीवर, पल्लवी पुढच्या सीटवर. माझा पदर बोटाला गुंडाळून बसायची तिची सवय आहे. मी मनात म्हटलं, बघ पल्लवी, मागं वळून बघ जरा. असला कोतेपणा माझ्यात आहे हे मला त्या दिवशी कळलं.

भिगवणला अकरापर्यंत पोचलात तर मासे ताजे मिळतात. चिलापीची थाळी अडीचशेला, दोन पोरांत एक पुरते. काटे मात्र तुम्हीच काढून द्या. जेवण झाल्यावर धरणाच्या पाण्यावर होडीत बसलो. मे महिन्यात पक्षी बघायला येऊ नका. होडीवाले आबाच म्हणाले, "पाखरं गेली की कवाच. आता निस्ता गाळ हाय." पाणी इतकं आटलं होतं की काठापासून होडीपर्यंत चिखलातून चालावं लागलं. होडी हलली आणि यशूनं किंकाळी फोडली. माझ्या गळ्याला जी मिठी मारली ती सोडायलाच तयार नाही.

आबा हसले. "का गं बाय, पान्याला भ्येतीस? धरनाच्या काटची पोरं तर माश्यावानी पवत्यात."

भीती मी घातली होती तिला. आमच्याकडं शेततळ्यात बुडून पोरं जातात. दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावची बातमी येते, आणि अंगणवाडीतल्या प्रत्येक पोराकडं बघून माझ्या छातीत धडधडतं. यशूला मी पाटाच्या कडेलासुद्धा कधी उभं राहू दिलं नाही. त्या होडीत मला वाटलं, ही पार्कात पाण्यात उतरणारच नाही, दिवसभर माझ्याजवळ काठावर खेळेल. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

इंदापूरला लॉजवर मुक्काम केला. दोन खोल्या अठराशेला, पंखा जोरात, पाणी खारट. यशू माझ्याजवळ झोपली.

रविवारी दहाला पार्क उघडलं. मोठ्यांना सहाशे, पोरांना चारशे. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी गेटबाहेर लिंबाखाली बसून संपवली. आत गेलो तर फरशी अशी तापलेली की पोरं एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायला लागली. पोरांना रबरी चपला न्याच.

पहिला तास आगगाडी आणि पाळण्यात गेला. यशू माझ्या शेजारी बसून खिदळत होती. मग तिला लाटांचा तलाव दिसला. शंभरेक पोरं त्यात उड्या मारत होती. यशू काठाशी गेली, एक पाय घातला, काढला, पुन्हा घातला. शिट्टीवाली मुलगी म्हणाली, "एकटं नाही हं. मोठं कोण आहे बरोबर?"

यशूनं माझ्याकडं बघितलं. "मोठी आई, चल की. आपण दोघी जाऊ."

मी ड्रेस भाड्यानं घेतला. काळा पायजमा, लांब बाह्यांचा शर्ट, माझ्या मापाचा. कपडे बदलायच्या खोलीत गेले, कडी लावली. साडीच्या पिना काढल्या. समोर आरसा होता. मी चाळीस वर्षांची, घरची थोरली सून, आणि बाहेर दीर उभा. लग्नाला अठरा वर्षं झाली, दिरासमोर डोक्यावरचा पदर घसरला तरी मी सावरते. त्या चिकट कपड्यात ओलीचिंब होऊन मी त्याच्यासमोर कशी येणार? दहा मिनिटं तशीच उभी राहिले. मग पिना परत लावल्या आणि बाहेर आले.

पल्लवी बाहेरच होती. "ताई, अहो जा की तुमी. मी बसते पिशव्यांपाशी. ह्यांना मी तिकडं मोठ्या घसरगुंडीला धाडते, मग तर झालं?" इतकं समजून बोलली ती. आणि लॉकरही होते, शंभर रुपयांत सगळं मावलं असतं. पण आमच्याकडं सहलीला एक बाई सामानापाशी बसतेच. माझी सासू बसायची, आता मी बसते. डबे, चपला, टॉवेल, सगळ्यांचे मोबाईल घेऊन. मी म्हणाले, "न्हाय गं बाई, मला न्हाय जमायचं ते. जा यशू, पल्लूमम्मीबरोबर जा."

माझ्या तोंडानं म्हणाले मी हे. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

यशू रडली. माझा पदर धरून रडली. पल्लवीनं तिला उचललं आणि हळूहळू पाण्यात घेऊन गेली, गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. यशूनं तिच्या गळ्याला मिठी मारली, अगदी होडीत मला मारली होती तशी. लाट आली. दोघी बुडाल्या, वर आल्या. मी उठून उभी राहिले. आणि यशू खदखदून हसत होती.

त्यानंतर मी साडेअकरापासून साडेचारपर्यंत छत्रीखाली सहा पिशव्या सांभाळत बसले. यशू सुरुवातीला दर दहा मिनिटांनी माझ्याकडं बघून हात हलवायची. मग अर्ध्या तासानं. मग पाणी प्यायला आली तेव्हा बाटली तोंडाला लावून ओलीच परत पळाली, मी टॉवेल धरून उभीच राहिले. दुपारी दोनला तिनं डोकं पाण्याखाली घालून पाच आकडे मोजले. सगळं पार्क ऐकेल अशी ओरडली, "मम्मी, बघितलंस का?"

हाकेतलं 'पल्लू' गळून गेलं होतं.

चारच्या सुमाराला पल्लवी केस पिळत माझ्याजवळ येऊन बसली. तिचे डोळे लाल होते, पाण्यानं असतील असं मला आधी वाटलं. "ताई, आज पहिल्यांदा पोरगी माझ्या गळ्यात पडली," म्हणाली. "मला वाटायचं, हिला माझी ओळखच न्हाय र्‍हायली." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझा जीव आतून तीळ तीळ तुटत होता, आणि राग कुणावर काढावा तर समोर कुणी नव्हतं. तिनं माझं काही चोरलं असतं तर बरं झालं असतं.

परतीच्या वाटेवर इंदापूरच्या अलीकडं एका रसवंतीवर थांबलो. बर्फ न घालता रस मागा, पोरांचे घसे धरत नाहीत. मिलिंद गाडीपाशी थांबला, पल्लवी राहुलला घेऊन बाजूला गेली. शब्द दिल्याप्रमाणं दोघं गप्प. मी यशूला बाकावर घेतलं आणि विचारलं, "यशू, आता शाळा सुरू हुईल. तुला कुठं र्‍हायाचंय? माझ्यापाशी का मम्मीपाशी?"

तिनं रसाचा ग्लास संपवला. ओठावरचा फेस चाटला. "मम्मीपाशी," म्हणाली. "तिच्या सोसायटीत पूल हाय, ती मला पवायला शिकवनार हाय." मग माझं तोंड बघून तिला काय वाटलं कोण जाणे, माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "मोठी आई, तू पण ये तिकडं. तू पिशव्यांपाशी बस."

घरी पोचलो तेव्हा हे बागेतून नुकतेच आले होते. बाकीचे गाडीतून सामान काढत होते, तेवढ्यात ह्यांनी हळूच विचारलं, "काय म्हनाली?" मी म्हणाले, "जाते म्हनाली." हे म्हणाले, "आई हाय ती तिची. बरंच झालं." मग नळाखाली पाय धुवायला गेले आणि कितीतरी वेळ पायच धूत राहिले. जूनच्या पहिल्या आठवड्यात यशू गेली. तिचे कपडे मीच भरले. रडायचं नाही असं ठरवलं होतं आणि रडले, गाडी फाट्यावर वळेपर्यंतसुद्धा दम निघाला नाही.

तुमच्यापैकी कुणी पोरांना घेऊन पार्काला जाणार असाल तर जानेवारी-फेब्रुवारीत जा, भिगवणला पक्षीही दिसतील. दोन दिवसांचा पाच जणांचा खर्च, पेट्रोल धरून, नऊ हजारांच्या आत बसतो. आणि बायांनो, पाण्यात उतरा. दीर असो, सासरा असो, सगळं गाव काठावर उभं असो. कुणी तुमच्याकडं बघत नाही. बघणारं फक्त तुमचं पोर असतं, आणि ते फार वेळ वाट बघत नाही. हे मला घरी येऊन कळलं, आणि कळून आता माझा काही उपयोग नाही. घरात दिवसभर कुणी हाक मारत नाही. मी दोन माणसांचा स्वयंपाक करते आणि तोही उरतो.

ऑगस्टमध्ये एकदा पल्लवीच्या मोबाईलवरून फोन आला. पलीकडं यशू होती, मागं पोरांचा गलका. पोहायच्या क्लासमध्ये तिला बिल्ला मिळाला होता. ती धापा टाकत भराभर बोलत होती, शब्द अगदी तिकडच्या पोरांसारखे स्वच्छ. "हॅलो काकू, मी यशोधरा बोलतेय. काकू, ऐकू येतंय ना?"

तिच्या वर्गातल्या पोरींनी विचारलं असेल, दोन-दोन आया कशा गं तुला? काहीतरी उत्तर द्यावं लागलं असेल बिचारीला. फोन हातात धरून मी ओट्याला टेकले.

"येतंय बाळा," मी म्हणाले. "बोल तू. काकू ऐकतीय."