बिनतोंडाची मशीन

सुरगाण्याच्या डोंगरात दिवाळी सरली की जिपा येतात. भात कापून झालेलं असतं, नागली खळ्यावरून घरात आलेली असते, आणि ओहोळाचं पाणी दगडांच्या आड जायला लागलेलं असतं. मग एका सकाळी टेकडीपलीकडून हॉर्न ऐकू येतो. माणसं पातेली, गोधड्या, कोंबड्या आणि लेकरं घेऊन जिपेत चढतात आणि खाली द्राक्षांच्या मुलखात मजुरीला जातात. पाड्यावर म्हातारी माणसं उरतात, आणि कुत्री.

नाथाचा बाप अशाच एका जिपेतून गेला. घाटातल्या वळणावर जीप उलटली. नाथाची आई कुसाबाई त्याच जिपेत होती, ती वाचली. तेव्हापासून ती कुठल्याही चाकावर बसली नाही. बाजाराला चालत जायची, चालत यायची, दवाखान्यालाही चालतच. बापाच्या दिवसाला सगळी माणसं जेवून उठल्यावर नाथानं तिला शब्द दिला, "आये, आपल्या घरचं माणूस परत त्या जिपेत बसायचं नाय." पुढं त्यानं जे जे केलं, ते या एका शब्दापायी केलं.

तो नाशिकला गेला. पंचवटीत एका गेमच्या दुकानात झाडू मारायला लागला. टीव्हीला जोडून खेळायच्या मशीनचं ते दुकान. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण कुठल्या डब्यात कुठला खेळ हे तो चित्रावरून ओळखायचा, जसं आपण ढगावरून पाऊस ओळखतो. काही वर्षांनी त्याचा स्वतःचा गाळा झाला. भाजीबाजाराच्या मागच्या बोळात, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर थांबावं एवढा. तिथं तो खेळांच्या डिस्क भाड्यानं द्यायचा, जुन्या घ्यायचा, विकायचा. त्याचं लग्न झालं, मैना घरात आली. ती पाड्यावर सासूजवळ राहिली आणि शेत पाहू लागली. नाथा नाशिकहून डाळ, तेल, साखर पाठवी. दिवाळीनंतर जीप यायची, हॉर्न वाजवायची, आणि नाथाच्या दारावरून तशीच पुढं जायची. कुसाबाई मुद्दाम ओट्यावर येऊन बसायची. जाणारी जीप पाहण्यात तिला जे सुख होतं ते देवळात नव्हतं.

डिस्क मशीनमध्ये घालायची जी फट असते, तिला नाथा तोंड म्हणायचा. "या मशीनचं तोंड खराब हाय." "तोंडात धूळ गेली." गिऱ्हाइकंही तसंच बोलू लागली. त्या बोळात तोंड म्हटलं की सगळ्यांना कळायचं.

दरसाल परदेशात या धंद्याचा एक मोठा मेळा भरतो. कंपन्या तिथं आपली नवी मशीन दाखवतात, आणि त्याच्या आधी महिनाभर जगभरची माणसं भाकितं करतात. मशीन काळी असेल, पांढरी असेल, जुने खेळ तिच्यावर चालतील, चालणार नाहीत. नाथाच्या गाळ्यासमोर तेव्हा पोरांचा अड्डा जमायचा. त्यातला पुढारी शौनक. रामकुंडावर क्रियाकर्म करणाऱ्या गुरुजींच्या घरातला, कॉलेज संपवून बसलेला. मोबाइलवर इंग्रजी बातम्या वाचायचा आणि सगळ्यांना मराठीत सांगायचा.

"काय भगत, काय म्हणतात दाणे?" नाथा विचारायचा. आमच्याकडं भगत सुपात दाणे टाकून पुढचं सांगतो, म्हणून.

"नाथाभाऊ, आम्ही गुरुजी. भगत तुमच्याकडचे."

"एकच हो. तुमी पिंड ठिवून सांगता, तो दाणं टाकून सांगतो. फुकट कोनीच सांगत नाय."

पोरं हसायची. चहा यायचा. चुकणाऱ्यानं वडे द्यायचे अशी पैज लागायची, आणि शौनक बऱ्याचदा जिंकायचा.

पण अड्डा विरळ होत चालला होता. पोरं आता खेळ नेटवरूनच विकत घेत. घरबसल्या मशीनमध्ये उतरवत. कंपनीनं एक बिनतोंडाची स्वस्त मशीनही आणली होती. नाथाच्या गाळ्यात डिस्कांवर धूळ बसू लागली. शहरातली मोठी दुकानं आपला माल मिळेल त्या भावानं काढू लागली. नाथा हे सगळं पाहत होता. त्याला भीती वाटायची, आणि भीती वाटली की त्याला जिपेचा हॉर्न ऐकू यायचा.

अशात शौनक एक दिवस धावतच आला. कंपनीची अगदी नवी मशीन येणार होती. जपानातल्या मेळ्यात ती दाखवणार होते, आणि आतल्या कुणीतरी बातमी फोडली होती.

"नाथाभाऊ, ऐका. 'तुमच्याकडचे सगळे जुने खेळ नव्या मशीनवर चालतील.' शब्द न् शब्द असा आहे."

"सगळे?"

"सगळे. अगदी पहिल्यापासूनचे."

नाथानं ते वाक्य त्याच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. रात्रभर त्यानं ते घोळवलं. जुने खेळ चालणार म्हणजे जुन्या डिस्का चालणार. डिस्का चालणार म्हणजे तोंड असणार. आणि तोंड असलं, की लोक जुन्या डिस्का हुडकत फिरणार, आणि तेव्हा त्या कुणाकडंच नसणार.

डोंगरातल्या माणसाला साठवणं शिकवावं लागत नाही. आमच्याकडं नागली असते. भाताला सोंडे लागतात, डाळीला पोरकिडे लागतात, पण नागलीला कीड लागत नाही. कणगीत भरून ठेवली, तर सालामागून सालं जातात आणि दाणा तसाच राहतो. ज्या साली पाऊस पाठ फिरवतो, त्या साली ती कणगी घर जगवते. नाथाच्या डोळ्यांपुढं डिस्का नव्हत्याच. नागली होती. कीड न लागणारी वस्तू, स्वस्ताईत भरायची, टंचाईत काढायची. बाजारातल्या माणसानं असा हिशेब मांडला नसता. त्यानं विचारलं असतं, उद्या गिऱ्हाईक कोण? नाथानं विचारलं, हिला कीड लागते का?

त्यानं गाळा सोडला. अनामत परत घेतली आणि बंद पडणाऱ्या एका दुकानाचा सगळा माल उचलला. नवी मशीन आली की मोठा गाळा घेऊ, असं त्यानं ठरवलं. माल ठेवायला नाशिकला जागा नव्हती. तो भर पावसाळ्यात टेम्पो घेऊन पाड्यावर आला.

घरात कोरडी अशी एकच जागा होती. कुसाबाईची कणगी. बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, माणसाच्या छातीएवढी. आत जुनी नागली होती.

मैना दारात उभी राहिली. "हे काय खायाचं हाय?"

"विकायचं हाय."

"मंग विकून या. नागली कशाला हलवायची?"

"पावसात भिजंल ना हे."

"आन नागली?"

"नागलीला काय होतंय? पोत्यात ठिवू."

कणगी म्हणजे कणसरी मायचं घर. दाण्याची देवी ती. कणगी कधी पूर्ण रिकामी करत नाहीत, तळाशी मूठभर तरी ठेवतात. कुसाबाईनं कणगीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "तू शब्द दिला व्हता, तो तू पाळला. आता मी आडवी यायची नाय." तिनं स्वतःच्या हातानं सूप घेतलं आणि नागली पोत्यांत भरली. तळाची मूठ मात्र तिनं राहू दिली. त्या मुठीवर डिस्कांचे निळे डबे रचले गेले. पोती छपराच्या पाख्याखालच्या भिंतीला लागली.

मेळ्याचा दिवस भादव्यात आला. पितृपक्ष चालू होता, म्हणून शौनक बापाच्या हाताखाली रामकुंडावर अडकला होता. "पण मोबाइल सोवळ्यात खोचून ठेवतो," तो आदल्या दिवशी म्हणाला. "कळलं की लगेच कळवतो."

पाड्यावर मोबाइलला रेंज नाही. शाळेमागच्या खडकावर चढलं की थोडी येते. दुपारी नाथा तिथं जाऊन बसला. मैना आली. कुसाबाई काठी टेकत आली. जिपेचा मालक महेश मजुरांची बोलणी करायला पाड्यावर आला होता, तोही वर आला. माणूस वाईट नव्हता, जिभेला हाड नव्हतं एवढंच.

"काय शेठ, जपान काय म्हणतंय?" महेश म्हणाला. "का यंदा तुमची जागा धरू जिपेत? खिडकीची देतो."

"तुझी जीप विकत घेतो का नाय बघ," नाथा म्हणाला. "कोंबड्या ठिवायला."

कुसाबाईसुद्धा हसली.

मोबाइल वाजला. शौनकचा निरोप होता. नाथानं मोठ्यानं वाचला, "सगळे जुने खेळ चालणार! स्टेजवरून बोलले! म्हटलं होतं ना!"

नाथा उठला, परत बसला. मैनाच्या हातात मोबाइल दिला, परत घेतला. त्यानं खिशातून गुळाचा खडा काढला. घरून येताना आईच्या डब्यातून तो आणलाच होता. आधी आईच्या तोंडात घातला, मग मैनाच्या, मग महेशच्याही. "धर रे. आता नको वाजवत जाऊ आमच्या दारात."

महेशनं गूळ चघळत मान डोलावली.

शौनकनं निरोपामागून फोटोही पाठवला होता. आमच्याकडच्या रेंजमध्ये फोटो सावकाश उतरतो, धुक्यातून बैल यावा तसा. आधी नुसतं करडं. मग पांढरं. मग मशीन. गुळगुळीत, शंखासारखी. पुढून एक, बाजूनं एक, मागून एक, अशा तिच्या तीन बाजू दाखवल्या होत्या. नाथा पाहत राहिला. बोटानं फोटो मोठा केला, सरकवला, परत सरकवला.

कुसाबाई त्याच्या खांद्यावरून वाकली. तिला या धंद्यातला एकच शब्द माहीत होता, तो तिनं वापरला.

"याचं तोंड कुठं हाय रं?"

खाली ओहोळ वाहत होता तो ऐकू येत होता.

नाथानं शौनकला फोन लावला. पलीकडून मंत्र ऐकू येत होते आणि पाण्याचा आवाज.

"भगत, तोंड नाय हिला."

"हो, ते नाहीच ठेवलं या वेळी."

"तू म्हनला, जुने सगळे चालतील."

"चालतीलच की. ज्यांनी नेटवरून घेतलेत, त्यांच्या खात्यावर आहेत ना, ते सगळे..." शौनक मध्येच थांबला. गाळा का सोडला हे नाथानं त्याला नीट सांगितलं नव्हतं, मोठी जागा पाहतोय एवढंच म्हणाला होता. "नाथाभाऊ? त्या दुकानाचा माल... तुम्ही घेतलात का?"

नाथानं फोन ठेवला. भाकीत शब्द न् शब्द खरं झालं होतं. भगताचं बोलणं कधी खोटं पडत नाही, असं आमच्याकडं म्हणतात ते उगीच नाही. तो जे बोलतो तेच होतं. आपण ऐकलेलं होत नाही.

महेश हळूच खडक उतरून गेला. त्या दिवशी त्यानं पाड्यावर कुणाला काही सांगितलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं लिहिलं पाहिजे.

नाथा दोन-तीन दिवस घरातच पडून होता. मग तो डिस्कांचा एक खोका घेऊन नाशिकला गेला आणि दुकानं पालथी घातली. एक दुकानदार म्हणाला, "शेतात टांगा भाऊ, चकाकतात. पाखरं पळतात." थट्टा करत नव्हता, खरंच उपाय सांगत होता. नाथा तो खोका तसाच घेऊन परत आला.

आला तेव्हा मैना अंगणात बसली होती. तिच्यापुढं पोती सोडलेली होती. पाख्यातलं पाणी भिंतीनं उतरलं होतं. नागली कीड धरत नाही, पण ओल धरते. दाणे एकमेकांना चिकटून ढेकळं झाली होती, वर हिरवट बुरशी, काही ठिकाणी कोंब. आंबूस वासानं कोंबड्याही लांब उभ्या होत्या.

"शेतातली येईल," नाथा म्हणाला.

"येईल. ती होळीपत्तोर पुरंल." मैना रडत नव्हती. "पुढं?"

नागली कापली, भात झोडलं. दिवाळी झाली म्हणायची. महेशचा हॉर्न वाजला. नाथा आणि मैना निघणार हे ठरलेलंच होतं. कुसाबाईसाठी शेजारी दोन मण भात ठेवायचं ठरलं होतं. पण ती सकाळपासून शेण कालवत बसली होती. तिनं कणगी बाहेरून सारवली, वरून बांबूच्या डाल्याचं झाकण ठेवलं आणि कडेनं कणगीचं तोंड लिंपून घेतलं, दाण्यानं भरलेल्या कणगीचं लिंपतात तसं.

"आये, आत काय हाय तुला ठावं हाय ना?" नाथा म्हणाला.

"तळाला मूठभर नागली हाय," ती म्हणाली. मग हात धुतले, गाठोडं काखेत घेतलं आणि अंगणात आली.

"तू कुठं निघाली?"

"हितं राहिले, तर ठिवलेलं भात मी खाईन. तिकडं आले, तर तुमच्या भाकरी थापीन. शब्द तू दिला व्हता नाथ्या, मी नाय."

महेशनं खाली उतरून पुढची, खिडकीची जागा मोकळी केली. एकदा त्यानं थट्टेत देऊ केलेली तीच ती जागा. आता तो थट्टा करत नव्हता. कुसाबाईला चढता येईना. नाथानं तिला लहान पोरासारखी उचलून आत बसवली आणि स्वतः पलीकडून येऊन तिच्याजवळ बसला. तिच्या पायांना गाडीत बसायची सवय नव्हती, ते ती सारखे पुढं दाबत होती, जीप थांबवावी तसे.

घाटातलं ते वळण आलं तेव्हा जिपेतलं बोलणं आपोआप थांबलं. त्याच वळणावर मोबाइलला रेंज येते. नाथाचा मोबाइल वाजला. त्यानं वाचलं आणि खिशात टाकला.

"कोन व्हतं?" कुसाबाईनं डोळे मिटूनच विचारलं.

"भगत."

"काय म्हनतो?"

नाथानं दरीकडं पाहिलं.

"म्हनतो, पुढच्या साली तोंडाची मशीन येईल."

कुसाबाईनं डोळे उघडले नाहीत. तिनं त्याचं मनगट धरलं होतं, ते वळण संपलं तरी सोडलं नाही.