वडिलांच्या तब्येतीची चौकशी

वडील ब्रह्मदेशच्या लढाईतून परतले ते छातीचं दुखणं घेऊन. मी कॉलेजात गेल्यावर घरासाठी पहिलं काम केलं ते त्यांच्या पेन्शनचा अर्ज इंग्रजीत लिहिण्याचं. माझं इंग्रजी कितपत बरोबर होतं, देव जाणे. दुखणं नोकरीतच जडलं, असं पुण्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलं. माणूस खरंच कामातून गेलाय का, याची गावातली सरकारी चौकशी तेवढी राहिली होती.

त्याच दिवसांत बहिणीला भवानीनगरकडचं स्थळ आलं. बाप खोकतो हे कळलं तर मुलगी कोण करणार? परकं माणूस दिसलं की आई वडिलांना गोठ्यात बसवायची. गावाला सगळं ठाऊक होतं. पण लग्नाच्या मुलीचं घर विचारत कुणी आलं, की गाव एक व्हायचं.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो. संध्याकाळी शेजारचे तात्या हसतच आले.

"पाव्हणं येऊन गेलं बरं का! काळी टोपी, हातात छत्री. एसटीतनं उतरून थेट पारावर. तुझ्या बापाची तब्येत इचारत हुतं."

"मग तुमी काय सांगितलं?"

"म्हनलं, गडी अजून एकटा मोट हाकतोय. न्हाव्यानं तर कळस केला. म्हनला, गेल्या जत्रंत कुस्ती मारली!"

आई पदराआड हसली. "एवढं कशाला ओ, भावजी?"

"लगीन जमवायचं म्हंजी थोडं वाढवून सांगावं लागतंय, वैनी. त्यांनी समदं लिवून घेतलं. माझी सही बी घेतली."

मी चाचरतच विचारलं, "तात्या, सोयरिकीला आलेला माणूस सही कशाला घेईल?"

गोठ्यातून खोकला ऐकू आला.

माघात अर्ज नामंजूर झाल्याचं कळलं. तोवर लग्न ठरलं होतं. मी म्हणालो, "पुन्हा अर्ज करू. तात्या खरं सांगायला तयार हायेत."

"आन् भवानीनगरला कळलं म्हंजी?" वडील म्हणाले. "गावानं मला धडधाकट केलंय. आता तसंच ऱ्हायला पायजे."



लग्नाच्या दिवशी व्याह्यांच्या देखत त्यांनी ज्वारीचं पोतं उचललं. मान लाल झाली होती. तात्या धावत जाऊन हात लावायला गेले, तर वडील हळूच म्हणाले, "सोडा तात्या. सही केलीया न्हवं तुमी?"